घर धुळ्याला सोडलं

माझ्या तेराव्या वर्षीचा उन्हाळा मी ज्या घरात काढला त्याला चार चाकं होती, आणि हँडल मारल्याशिवाय ते जागचं हलत नसे. नातवंडांना हे सांगितलं की त्यांना मोठी गंमत वाटते. हल्ली म्हणे लोक हौसेने असल्या गाड्या घेऊन हिंडतात, आत पलंग, पंखा, शीतकपाट, सगळं असतं. आमच्या घरात हौस एकट्या नानांना होती. नाना म्हणजे माझे वडील. जळगावला कापसाच्या जिनात ते फिटर होते. हंगाम आटोपला, जिनाचा भोंगा बंद झाला, की पावसापर्यंत त्यांच्या हातांना काम नसे, आणि रिकामे हात नानांना सोसत नसत. ते दाराच्या बिजागऱ्या उघडून पुन्हा बसवत, शेजाऱ्यांची घड्याळं मागून आणत. माय म्हणायची, "यांना एखादं मोडकं जग आणून द्या कोणी, म्हणजे बसतील शांत."

त्या वर्षी त्यांनी लिलावातून एक जुनी लॉरी आणली. लांब नाकाची, वर पत्र्याचं छत, बाजूंना फळ्या आणि मागे लोखंडी कडीचं दार. मेहरूणला आमच्या अंगणात ती दोन महिने उभी होती. नाना रोज तिच्यात घुसायचे आणि अंगभर भुसा घेऊन बाहेर यायचे. बाजूच्या फळ्या त्यांनी काढल्या, नव्या लावल्या, त्यांत दोन खिडक्या पाडल्या. भिंतीला घडीची बाकं, त्यांच्याखाली कणगीएवढे कप्पे, एका कोपऱ्यात पत्र्यावर बसवलेली शेगडी, पाण्याचं पिंप, पडदा. सगळ्याला हिरवा रंग दिला. विहिरींवर तेव्हा नुकती ऑइल इंजिनं बसायला लागली होती आणि ती बिघडली की शेतकरी आठ-आठ दिवस जळगावच्या मिस्त्रीची वाट बघत. नानांचं म्हणणं, मिस्त्रीनेच दारात जावं. नुसतं जाऊ नये, बायकामुलांसकट जावं. असोद्याकडून केळीचे मळे धरून सुरुवात करायची, मग मागे फिरून पिंप्राळ्यावरून एरंडोल, पारोळा असं करत अखाजीला धुळ्याला मामांकडे पोचायचं. अखाजी म्हणजे आमच्याकडचा लेकीबाळींचा सण. मायला माहेरी नेण्याचं आमिष दाखवल्यावर तिने फारसं भांडण केलं नाही. आम्ही चौघं निघालो. नाना, माय, मी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ दिनू.

पहिले तीन आठवडे मी आयुष्यात इतकी सुखी क्वचितच झाले असेन. केळीच्या मळ्यातली ती गार, ओली सावली, पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि नाना हात काळे करून बसले की थोड्या वेळाने अचानक सुरू होणारी इंजिनाची टुकटुक. शेतकरी हरखून जात. केळीची फणीच्या फणी खिडकीतून आत येई. माय मागच्या दारात बसून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापी, वर शेंगदाण्याचं तेल आणि मिरचीचा ठेचा, सोबत कैरीची फोड. गाडी चालू झाली की खुंटीला टांगलेली पितळी भांडी एकमेकांवर वाजत आणि दिनू त्या तालावर मान हलवी. इंजिनाचा आवाजही वेगळाच होता. तीन ठोके नीट पडायचे, चौथा चुकायचा, आणि मग सुस्कारा टाकल्यासारखा एक आवाज. नानांनी जग दुरुस्त केलं असतं, पण तो चौथा ठोका काही त्यांना सापडला नाही. "सवय आहे तिची," म्हणायचे.

एरंडोल मागे पडल्यावर रस्ता उघडा झाला. सावली संपली. काळी जमीन भेगाळून पडलेली, दूरवर एखादा बाभळीचा ठिपका, आणि दुपारच्या वेळी समोरचा रस्ता पाण्यासारखा हलताना दिसायचा. तिथल्या पहिल्या गावात आम्ही लिंबाखाली गाडी उभी केली. पोरं आली नाहीत. हे मला लगेच जाणवलं, कारण आजवर प्रत्येक गावात गाडी थांबायच्या आधी पोरांचा गराडा पडायचा, कोणी चाकाला हात लावी, कोणी हॉर्नचा रबरी फुगा दाबून पळून जाई. इथे विहिरीवर चार बायका होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, अर्धे भरलेले हंडे उचलले आणि निघून गेल्या. रहाट फिरत राहिला होता, तो हळूहळू थांबला. नाना पाटलाच्या घरी गेले. दार लावलेलं होतं. आतून आवाज आला, "आमनं इंजिन चांगलं शे." आमचं इंजिन चांगलं आहे. नानांनी नंतर आम्हाला सांगितलं की त्या गावात इंजिनच नव्हतं.

सकाळी उठलो तर गाडीच्या मागच्या कडीत लिंबाचा डहाळा खोचलेला आणि पायरीवर हळद-कुंकू सांडलेलं. माय बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. "नवं वाहन बघून बुजतात लोक," नाना म्हणाले. त्यांनी डहाळा काढून फेकला. फेकताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला आज आठवतं. तेव्हा मी ते मनात घेतलं नव्हतं. पुढच्या गावाच्या वेशीवर एक म्हातारा बैल घेऊन चालला होता. आमच्या इंजिनाचा आवाज ऐकताच, अजून गाडी वळणाआड असतानाच, तो रस्ता सोडून शेतात उतरला असणार. कारण आम्ही वळलो तेव्हा तो बांधावर उभा होता, उपरण्याचं टोक तोंडावर धरलेलं. गाडी जवळून गेली तेव्हा त्याने हात जोडले. नानांना वाटलं, आपल्याला. त्यांनी मान लववली. पण म्हाताऱ्याचे डोळे नानांवर नव्हते, मागच्या दारावर होते.

तिसऱ्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे माझ्या वयाची माणसं अजून असतील.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मायने दिनूला बाकावर निजवलं होतं. सकाळपासून तो किरकिरत होता आणि दोनदा ओकला होता. गावाबाहेरच्या एका मळ्यात इंजिन बंद पडलंय असं नानांना पारोळ्यालाच कळलं होतं, म्हणून ते हत्यारांची पेटी घेऊन शेतातून चालत गेले. माय दिनूच्या बाजूला पडदा ओढून लवंडली. मी मागच्या दारात पाय सोडून बसले. पत्रा तापून टकटक वाजत होता. समोर एकच गल्ली दिसत होती, मातीची घरं, सगळी दारं बंद. कुत्रंसुद्धा नव्हतं. अशा भर दुपारी गाव नेहमीच निजलेलं असतं, पण निजलेल्या गावातून पाळण्याची कुरकुर ऐकू येते, कोणी खोकतं. इथे दाराआड लोक जागे आहेत आणि श्वास धरून आहेत, असं वाटत होतं.

एक दार उघडलं. एक म्हातारी बाहेर आली आणि सरळ आमच्या गाडीकडे चालत आली. घाईत नव्हती, भ्यायलेली तर मुळीच नव्हती. बाजाराला निघालेली बाई ओळखीच्या गाडीकडे येते तशी आली. मला बाजूला सरकवून ती वर चढली, आत गेली, आणि डाव्या कोपऱ्यात, शेगडीच्या पलीकडे, जमिनीवर बसली. तळाच्या फळीवर तिने हात फिरवला, आंधळी माणसं चेहऱ्यावरून फिरवतात तसा.

"मना पोऱ्या आठेच बठेल व्हता," ती म्हणाली. माझा मुलगा इथेच बसला होता. तिने हे माझ्याकडे न बघताच सांगितलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "तू कवय चढनी वं, पोरी?"

तू कधी चढलीस. मी म्हटलं, "जळगावला."

"तठे पानी देतस ना?"

कुठे, हे मला माहीत नव्हतं, पण मी मान हलवली. पाणी देतात. ती समाधान पावली. "सुपडू नाव शे त्यानं," ती म्हणाली. तेवढ्यात पडद्यामागून दिनू कण्हला. म्हातारीने पडदा बाजूला केला, त्याच्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला. "ह्या धाकलाले बी लई चालनात?" या धाकट्यालाही घेऊन चाललात?

माय जागीच होती. ती उठून बसली. तिने दिनूच्या कपाळाला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. मला वाटलं, आता ती म्हातारीला हाकलून देईल. पण माय धुळ्याकडची, तिची आणि म्हातारीची बोली एकच. तिने खाली बसून विचारलं, "काय व्हयनं व्हतं, माय?"

म्हातारीने सांगितलं. काही वर्षांपूर्वी गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. कुठल्याशा धर्मादाय मंडळींनी नदीपलीकडे तंबू ठोकले होते, तिकडे आजाऱ्यांना न्यायला ही गाडी यायची. ती दुपारी येई. तिचा आवाज आधी येई, एक ठोका चुकणारा, आणि गल्लीत ज्याच्या घरी आजारी असेल तो तो ऐकून दाराला कडी लावी. पण लावून काय होणार. या एका गल्लीतून अकरा माणसं नेली. तंबूत जायला घरच्यांना मनाई होती. कोणी परत आलं नाही. कोणाचं प्रेतही आलं नाही, नाव लिहिलेला कागदही नाही. मग एक दिवस गाडी यायची थांबली. "मी वाट देखी ऱ्हायनी," ती म्हणाली, "का गाडी यी, तवय इचारसू."

गाडी येईल तेव्हा विचारेन. म्हणून ती आली होती. बाकीच्या गल्लीने दारं लावली होती आणि ती एकटी विचारायला आली होती.

मायने दिनूला उचललं, मला हाताला धरलं आणि खाली उतरली. लिंबाच्या झाडाखाली मातीत बसली. नाना परत येईपर्यंत ती तिथून उठली नाही. ते आले तेव्हा त्यांच्या हातावर ताजं ऑइल होतं आणि चेहऱ्यावर इंजिन चालू झाल्याचा आनंद. मायने त्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

नाना म्हातारीकडे, मग गाडीकडे बघत राहिले. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते, आणि त्या दिवशी ते मला पहिल्यांदा बुटके दिसले. "लिलावात सांगितलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तर स्वस्तात... मी फळ्या बदलल्या सगळ्या. धुतली, चुना मारला, धुरी दिली."

"सगळ्या?"

"तळाच्या नाही. साग होता. चांगला होता."

"मुलं तळावर निजली महिनाभर," माय म्हणाली. आवाज चढला नव्हता.

दिनू पुन्हा ओकला. आता त्याची नजर स्थिर राहत नव्हती. नाना एकदम कामाच्या माणसासारखे झाले. धुळं दीड तासावर आहे, चला, आत्ता निघू, डॉक्टर गाठू. त्यांनी हँडल उचललंसुद्धा. माय जागची हलली नाही. "याला घेऊन मी त्या गाडीत बसणार नाही."

"अगं, दुसरी गाडी कुठली?"

"बघा कुठली ती."

मी आईबापांची भांडणं पुष्कळ पाहिली होती, पण हे भांडण नव्हतं. नाना विनवत होते. वेळ जातोय, पोराला काही झालं तर. माय म्हणाली, काही व्हायचं असेल तर जमिनीवर होऊ दे. गावातून बैलगाडी मिळाली असती, पण पोराला ओकाऱ्या होताहेत हे दारांच्या फटींतून सगळ्यांनी पाहिलं होतं. नाना तीन दारांवर गेले. एकाही दाराची कडी निघाली नाही. शेवटी त्यांनी हँडल मारलं आणि ते एकटेच निघाले, धुळ्याहून भाड्याची मोटार घेऊन येतो म्हणून. ती गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. तीन ठोके, एक चुकलेला, सुस्कारा. तो आवाज विरेपर्यंत आम्ही तिकडे बघत होतो. माझी खात्री झाली होती की नाना परत येणार नाहीत. त्या गाडीतून गेलेलं कोणी परत येत नाही, हे मी तासाभरातच गावकऱ्यांसारखं मानायला लागले होते.

म्हातारीचं नाव कौतिकमाय. तिने आम्हाला घरात घेतलं. गल्लीतलं तेवढं एकच दार आमच्यासाठी उघडलं. मातीचं, शेणाने सारवलेलं घर, आत शिरताच विहिरीत उतरल्यासारखा गारवा. तिने दिनूला ओल्या जमिनीवर उघडा निजवला, कांदा ठेचून त्याच्या तळपायांना चोळला, ओल्या धडप्याने अंग पुसत राहिली. कैरी राखेत भाजून गुळाचं पन्हं केलं आणि चमच्याने ओठांत सोडलं. ओकला की थांबायची, मग पुन्हा एक चमचा. मला भाकरी आणि दही दिलं. कोपऱ्यात एक घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली होती, तिच्यावर एक भवरा, दोरी गुंडाळलेला. मी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, त्याना शे." ती हे असं म्हणाली की मी चटकन दाराकडे वळून पाहिलं.

उन्हं कलली तेव्हा लांबून मोटारीचा आवाज आला. माय आणि कौतिकमाय दोघींनी कान टवकारले. मीसुद्धा ठोके मोजले. एकही चुकला नाही. गल्लीत आली ती धुळीने माखलेली एक उघडी मोटार, वर कापडी छत, समोर चकचकीत दिवे. हाकणारा गफूरभाई नावाचा धुळ्याचा माणूस होता आणि त्याच्या बाजूला नाना बसलेले होते, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखे. इतक्या दिवसांत त्यांना दुसऱ्याने हाकलेल्या गाडीत मी पाहिलं नव्हतं. मायने विचारलं, "ती कुठंय?" ते म्हणाले, "धुळ्याला सोडली."

आम्ही बसलो. दिनू मायच्या मांडीवर. कातडी गादीचा वास, पेट्रोलचा वास, आणि सगळीकडून वारा. कौतिकमाय मोटारीभोवती एक फेरी घालून आली. मागे काय आहे ते वाकून पाहिलं. मागे दार नव्हतं, कडी नव्हती. मग ती गफूरभाईपाशी गेली आणि म्हणाली, "ही गाडी परत आनस का?" ही गाडी माणसं परत आणते का.

त्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सरळ म्हणाला, "आनस, माय. रोज जास, रोज येस."

डॉक्टरांनी दिनूला बघून सांगितलं, पटकी नाही, ऊन लागलंय, जबर लागलंय. तापलेल्या पत्र्याखाली बंद गाडीत निजवलं होतं ना? याला गार कोणी केलं? आणखी तासभर त्या पत्र्याखाली राहिला असता तर माझ्याकडे आणून उपयोग नव्हता. माय भिंतीला टेकून खाली बसली. म्हणजे तिची भीती खोटी होती आणि तिचा हट्ट खरा ठरला. याचा हिशेब मला आजही लागत नाही. नाना दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले.

ती गाडी धुळ्याला एका लाकडाच्या वखारीत उभी केली होती. नानांनी हत्यारं काढून घेतली आणि गाडी एका चुनाभट्टीवाल्याला देऊन टाकली. भांडी मायने कल्हईवाल्याकडे पाठवली, नवी कल्हई झाल्यावरच त्यांना पुन्हा हात लावला. त्या दुपारी एकट्याने गाडी नेताना काय झालं, ते नानांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. फार वर्षांनी, माझ्या लग्नानंतर, ओसरीवर माझ्या यजमानांना सांगत होते ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मागून फळीवर थाप पडत होती, ते म्हणाले. भांड्यांचा आवाज मला ओळखता येत नाही का? थाप होती, तळहाताची. दोनदा थांबलो, मागे जाऊन बघितलं, कोणी नाही. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा बघितलं नाही. दार उघडलं, पिंपातून तांब्या भरला, आत ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. एक बिडी संपेपर्यंत. मग दार लावलं. धुळ्यापर्यंत आवाज नाही. यजमानांनी विचारलं, "आणि तांब्या?" नाना म्हणाले, "मी बघितला नाही." जन्मभर नटबोल्टांवर विश्वास ठेवलेल्या माणसाचं हे बोलणं. यजमानांनी विषय बदलला.

मामांकडे अखाजी झाली. मी झोक्यावर बसले, सांजोऱ्या खाल्ल्या, आमरस प्याले. दिनू चौथ्या दिवशी हिंडायला लागला. आठव्या दिवशी जळगावला परतायचं ठरलं तेव्हा मायने गफूरभाईचीच मोटार बोलवायला सांगितली, आणि त्याला म्हणाली, वाटेत त्या गावात थांबायचं. नाना आता वाटेबद्दल काहीच बोलत नसत.

सकाळची वेळ होती. या वेळी मोटारीच्या आवाजाला पोरं धावत आली. कौतिकमाय दारातच बसली होती. दिनू स्वतः खाली उतरला आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. तिने त्याचं डोकं, खांदे, हात चाचपून पाहिले. "उना," ती म्हणाली. आला. मग गल्लीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "देखा, पोऱ्या परत उना." एकेक दार उघडलं. बायका बाहेर आल्या, पुरुष आले. जवळ कोणी आलं नाही. नुसते दिनूकडे बघत उभे राहिले, कितीतरी वेळ. त्या नजरांत आनंद नव्हता. अकरा घरं त्याच्याकडे बघत होती, आणि हा का परत आला, आमचं का नाही, असं विचारत होती. दिनू मायच्या लुगड्याआड लपला.

मायने आणलेलं लुगडं कौतिकमायच्या ओटीत घातलं, पाया पडली. आम्ही निघायला वळलो तेव्हा कौतिकमायने माझा हात धरला. मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "तठे सुपडू भेटना का तुले?"

मी तेरा वर्षांची होते. माझा भाऊ जिवंत होता तो तिच्यामुळे. तिला काहीतरी द्यावं असं मला फार वाटत होतं आणि माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, "भेटला. बरा आहे. म्हणाला, आईला सांग, काळजी करू नको."

तिच्या चेहऱ्यावर रागाचा अंशही नव्हता. उलट माझीच कीव आल्यासारखं तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"त्याले बोलता येत नही, पोरी," ती म्हणाली. "जनमपासून मुका शे तो."

ती अजून माझा गाल धरूनच होती. तिच्या बोटांना कांद्याचा वास होता. तिने आणखी हळू विचारलं, "पन दिसना ना तुले?" पण दिसला ना तुला.

नानांनी मोटारीतून हाक मारली. मी हात सोडवून पळाले. गफूरभाईने गाडी चालू केली आणि पोरं वेशीपर्यंत मागे धावत आली. मी मागे वळून पाहिलं नाही.

पारोळा गेल्यावर मायने मला विचारलं, "काय म्हणत होती?" मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं. मला वाटलं, ती रागावेल किंवा जवळ घेईल. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "गेलेल्या माणसाचा निरोप आपण सांगू नये, बाय. त्याने दिला नसेल तर तो कोणाचा म्हणून सांगायचा?" समोर बसलेल्या नानांनी मान खाली घातली.

गेल्या वर्षी माझे यजमान गेले. दिवसकार्याला आलेली माणसं मला धीर देत होती. ते असते तर असं म्हणाले असते, तुम्ही रडलेलं त्यांना आवडलं नसतं, ते वरून बघताहेत. धाकटी नात माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, आजोबा आत्ता काय म्हणत असतील?" साठ वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याचं बोलणं मला पाठ होतं. काय म्हणाले असते ते मी सहज सांगू शकले असते, त्यांच्या आवाजातसुद्धा. मी तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हटलं, "मला माहीत नाही, बाळा."